सुझॅना वेस्ली : एका धर्मनिष्ठ मातेचें स्मरण

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या आईच्या वांट्यास बहुधा पहिल्या प्रकरणांतील दोन-तीन परिच्छेदच येतात. ती धर्मशील होती, काटकसरी होती, मुलाला तिनें चांगलें वळण लावलें, एवढें सांगून चरित्रकार तिला निरोप देतो. मग पुढें ती मरते तेवढ्यापुरती पुन्हां एकदां रंगभूमीवर येते आणि चरित्र आपल्या वाटेनें चालूं लागतें. आपल्या इकडच्या चरित्रकारांचाही शिरस्ता याहून फारसा निराळा नाहीं. अठराव्या शतकांतील इंग्लंडचा इतिहास विद्यार्थ्यांस सांगतांना जॉन वेस्ली ह्या धर्मसुधारकाचें नांव आम्हांस दरवर्षीं घ्यावें लागतें, आणि त्यासरशीं त्याच्या आईविषयींचें एक ठराविक वाक्यही आम्ही पुष्कळ वर्षें उच्चारीत आलों : एकोणीस मुलांची आई, कडक शिस्तीची गृहिणी, मेथडिस्ट पंथाची जननी. पुढें केव्हां तरी ह्या बाईचीं स्वतःचीं पत्रें आमच्या हातीं आलीं. तिचें सगळें उपलब्ध लेखन १९९७ सालीं एकत्र छापून निघालें आहे. तें वाचल्यावर आमचें ठराविक वाक्य आम्हांस तोंडांतून काढवेना. त्यांतला एकही शब्द खोटा नाहीं; पण त्या वाक्यांतली बाई आणि पत्रांतली बाई ह्यांचा मेळ मात्र बसत नाहीं. जन्मभर आज्ञा पाळीत आलेली ही स्त्री, आणि तरी ज्यांनीं ज्यांनीं तिच्यावर आज्ञा चालविली त्यांना तिची आज्ञाधारकता फार जड गेली, हें कोडें उलगडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

सुझॅनाचा जन्म १६६९ सालीं लंडनांत झाला. तिचे वडील डॉक्टर सॅम्युएल ॲनस्ली हे मोठे विद्वान पाळक. राजमान्य धर्मसंस्थेनें प्रार्थनेचा जो एकच विधि सर्वांवर लादला तो न मानल्यामुळें १६६२ सालीं जे शेंकडों पाळक आपापल्या चर्चांतून बाहेर पडले त्यांत तेही होते. अशा लोकांना इंग्लंडांत मतभेदी म्हणत. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा कर्ता डॅनिएल डीफो हा ह्याच डॉक्टर ॲनस्लींच्या मंडळींतला, त्यांच्या मृत्यूनंतर त्यानें त्यांच्यावर काव्यही रचलें. सुझॅना ही ह्या गृहस्थांचें पंचविसावें अपत्य. ज्या मतासाठीं बापानें आपली वृत्ति सोडली होती, त्या मताचा विचार करावयास ह्या शेंडेफळानें लहानपणींच सुरुवात केली, दोन्ही बाजूंचे मुद्दे कागदावर मांडून ताडून पाहिले, आणि वयाचीं तेरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच बापाचा पंथ सोडून राजमान्य धर्मसंस्थेंत जाण्याचें ठरविलें. बापानेंही तें सोसलें, हें त्याच्या थोरपणाचें लक्षण होय. ज्या धर्मसंस्थेची ती पुढें साठ वर्षें एकनिष्ठ उपासक राहिली, ती तिला जन्मानें मिळालेली नव्हती, तिनें ती निवडली होती, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१६८८ सालीं तिचें सॅम्युएल वेस्लीशीं लग्न झालें. हाही मतभेद्यांचा मुलगा, आणि हाही त्यांना सोडून आलेला. विद्वान, कवि, शीघ्रकोपी आणि व्यवहारांत अगदीं शून्य अशी ही मूर्ति होती. १६९७ च्या सुमारास लिंकनशायरमधील एपवर्थ ह्या दलदलीच्या मुलखांतल्या गांवीं पाळक म्हणून तो गेला आणि त्याच्या मृत्यूपर्यंतचा बहुतेक काळ दोघांनीं तेथेंच काढला. उत्तरवयांत हा गृहस्थ बायबलांतील ईयोबावर लॅटिनमध्यें एक अवाढव्य टीकाग्रंथ लिहीत बसला होता. घरांत ईयोबाच्या सहनशीलतेचा धडा प्रत्यक्ष कोण गिरवीत होतें, हें त्याच्या लक्षांत आलें होतें कीं नाहीं, कोण जाणे!

ह्या दांपत्याची एक गोष्ट जुन्या चरित्रांत गंमत म्हणून सांगितलेली असते. १६८८ च्या राज्यक्रांतींत दुसऱ्या जेम्सला घालवून विल्यमला इंग्लंडच्या गादीवर बसविलें. सॅम्युएल नव्या राजाचा अभिमानी. सुझॅनाच्या मतें मात्र देवानें अभिषेक केलेला राजा जेम्सच. घरच्या प्रार्थनेंत राजा विल्यमचें नांव आलें कीं ती ‘आमेन’ म्हणत नसे. हें एके दिवशीं, १७०१ च्या अखेरीस किंवा १७०२ च्या आरंभीं, नवऱ्याच्या ध्यानांत आलें. त्यानें शपथ घेतली कीं, जोंवर ती क्षमा मागत नाहीं तोंवर तिच्याशीं पतिपत्नीचा व्यवहार ठेवणार नाहीं; आणि पुढें तो घर सोडून लंडनला निघून गेला. १७०२ च्या मार्चमध्यें विल्यम मरण पावला, तरी शपथ कायमच राहिली. त्या सालच्या जुलैंत पाळकाच्या घराला आग लागून मोठा भाग जळाला, तेव्हां तो परत आला, समेट झाला, आणि १७०३ च्या जूनमध्यें जॉन जन्मला. एका ‘आमेन’वरून जॉन वेस्लीचा जन्म टळणार होता, अशी ही मौज.

मौज म्हणून तिला आम्हीही वर्गांत हंशा मिळविला आहे. पण ह्या प्रसंगीं सुझॅनानें एका ओळखीच्या सरदारपत्नीस आणि त्यांच्या मार्फत जॉर्ज हिक्स नांवाच्या एका विद्वान बिशपास लिहिलेलीं पत्रें १९५३ सालीं प्रथम प्रकाशांत आलीं, आणि तीं वाचल्यावर हंसूं ओठांवरच राहतें. पदरीं मुलें, घरांत पैसा नाहीं, नवरा शपथेला अडून बसलेला. अशा वेळीं ती विचारीत होती तें एवढेंच कीं, जें माझ्या बुद्धीला पाप वाटत नाहीं त्याबद्दल नवऱ्याच्या समाधानासाठीं क्षमा मागितली, तर तें देवापुढें खोटें बोलणें होणार नाहीं काय? नवऱ्याची आज्ञा पाळावी हें तिला पूर्ण मान्य होतें. परंतु आज्ञेखातर खोटें बोलावें, हें मान्य नव्हतें. हिक्सनें तिला सदसद्विवेकबुद्धीस चिकटून राहण्याचाच सल्ला दिला.

पुढचीं कांहीं वर्षें दारिद्र्यांत गेलीं. त्यांचा पाल्हाळ नको. दोन गोष्टी पुरेत. १७०५ च्या निवडणुकींत सॅम्युएलनें गांवकऱ्यांच्या मनाविरुद्ध पक्ष धरला म्हणून रात्रभर घराभोंवतीं लोकांनीं दंगा केला. जागरणानें थकलेल्या दाईला पहांटे झोप लागली आणि तिच्या अंगाखालीं सापडून सुझॅनाचें तान्हें मूल गुदमरून मेलें. त्याच सालीं एका लहानशा कर्जापायीं सॅम्युएल लिंकनच्या किल्ल्यांतील तुरुंगांत पडला. बायकोनें जवळ दुसरें कांहींच नाहीं म्हणून आपल्या अंगठ्या त्याला पाठविल्या. त्यानें त्या परत केल्या, हें त्याच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. यॉर्कचे आर्चबिशप शार्प ह्यांनीं तिला विचारलें कीं, तुम्हांला कधीं भाकरीला मोताद व्हावें लागलें काय? ती उत्तरली कीं तसें कधीं झालें नाहीं, परंतु खाण्यापूर्वीं ती मिळविण्याची आणि खाल्ल्यावर तिचे पैसे फेडण्याची चिंता इतकी असे कीं भाकरीची गोडीच नाहींशी होई. हें उत्तर देणारी बाई गरीब असेल, पण दीन खचित नव्हती.

ह्या घरांत तिनें जी शाळा चालविली तिची हकीकत तिनें स्वतःच १७३२ सालीं जॉनच्या विनंतीवरून लिहून काढली आहे. मुलाला पांच वर्षें पूर्ण झालीं कीं दुसऱ्या दिवशीं त्याचा विद्यारंभ. त्या एका दिवसांत सगळीं मुळाक्षरें आलींच पाहिजेत. सर्वांना तीं आलीं, दोघी मुलींना तेवढा दीड दिवस लागला. सकाळीं नऊ ते बारा व दुपारीं दोन ते पांच अशी रोजची शाळा, आणि पहिला धडा उत्पत्तीच्या पुस्तकांतील पहिला अध्याय. वर्षाच्या आंतलें मूलही रडलें तर हळू रडे, असा तिथला धाक. मुलाचें चित्त घडवावयाचें तर आधीं त्याची इच्छाशक्ति जिंकली पाहिजे, हें तिचें सूत्र आजच्या आईबापांस रुचणार नाहीं, आणि आम्हांसही तें रुचत नाहीं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर वाढलेल्या वाचकाला तर श्यामच्या आईच्या एका अश्रूपुढें हा सगळा वेळापत्रकी कारभार कोरडाच वाटेल. तथापि त्याच कागदांत दुसरेही नियम आहेत. अपराध कबूल करून सुधारण्याचें वचन देणाऱ्या मुलाला मारूं नये. एकाच चुकीबद्दल दोनदां शिक्षा करूं नये. मुलाची वस्तु टांचणीएवढी कां असेना, त्याच्या संमतीवांचून दुसऱ्यानें तिला हात लावूं नये. आणि मुलीला चांगलें वाचतां येईपर्यंत शिवणटिपणाला बसवूं नये. हा शेवटचा नियम १७०० च्या आगेमागें एका खेड्यांतल्या आईनें केला आहे. आमच्या आज्यांपैकीं कितीजणींना असा नियम करणारी आई मिळाली असेल?

१७०९ च्या फेब्रुवारींत, नऊ तारखेच्या मध्यरात्रीं, घर पुन्हां पेटलें आणि ह्या वेळीं सर्वस्वीं जळालें. साडेपांच वर्षांचा जॉन माडीवर राहिला होता. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि छप्पर कोसळण्याच्या आधीं क्षणभर त्याला खिडकींतून ओढून काढलें. हें चित्र पुढें मेथडिस्टांच्या घरोघरीं लागलें. सुझॅना त्या वेळीं गरोदर होती. तेराव्या वर्षाच्या आंत लिहिलेला तो मतनिर्णयाचा कागदही ह्याच आगींत गेला. नवें विटांचें घर उभें राहीपर्यंत मुलें इकडेतिकडे पांगलीं आणि शिस्त विसरून आलीं. तेव्हां आईनें पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला.

आतां आमच्या विषयाच्या गाभ्याशीं आम्ही आलों आहों. १७११-१२ च्या हिवाळ्यांत सॅम्युएल धर्मसभेच्या कामासाठीं लंडनांत अडकला होता. चर्चचें काम त्यानें इनमन नांवाच्या दुय्यम पाळकावर सोंपविलें. हा गृहस्थ प्रत्येक उपदेशांत कर्ज वेळेवर फेडण्याचें महत्त्व सांगे अशी आख्यायिका आहे. पाळक स्वतःच कर्जबाजारी असलेल्या गांवीं ह्या विषयाची निवड किती सूचक, तें सांगावयास नको. रविवारीं दुपारची उपासना बंद झाली. म्हणून सुझॅना संध्याकाळीं स्वयंपाकघरांत मुलांना व नोकरांना जमवून प्रार्थना व एखादा छापील उपदेश वाचून दाखवूं लागली. चाकरीच्या मुलानें ही गोष्ट आपल्या आईबापांस सांगितली, तीं आलीं. त्यांनीं शेजाऱ्यांस सांगितली. पाहतां पाहतां तीस-चाळीस माणसें जमूं लागलीं, आणि पुढें तर दोनशेंपर्यंत. जागा नाहीं म्हणून कित्येकांना परत जावें लागे.

तिला हें धैर्य कोठून आलें? तिनेंच सांगून ठेविलें आहे. तिची मुलगी एमिलिया हिला बापाच्या अभ्यासिकेंत एक पुस्तक सांपडलें. त्यांत डेन्मार्कच्या राजानें हिंदुस्थानांत पाठविलेल्या मिशनऱ्यांची हकीकत होती. झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे दोघे तरुण जर्मन १७०६ सालीं तरंगंबाडीस उतरले. तंजावरच्या मुलखाच्या किनाऱ्यावर तें डेन लोकांचें लहानसें ठाणें होतें, आणि तंजावरच्या गादीवर त्या वेळीं व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे भोसले होते. मराठी राजाच्या दाराशीं दोन परदेशी तामीळ शिकत बसले होते आणि त्यांची वार्ता वाचून लिंकनशायरच्या दलदलींत एका गृहिणीचें मन अनेक दिवस दुसरा विषय घेईना, हा इतिहासाचा विलक्षण धागा आहे. जॉनच्या चरित्रांतून तो बहुधा निसटतो. तिच्या मनांत आलें कीं, मी पुरुष नाहीं, पाळक नाहीं, तरी ह्यांच्याइतकी तळमळ मला असती तर आज करतें याहून अधिक मी करूं शकलें असतें. तिनें दोन गोष्टी केल्या. प्रत्येक मुलाशीं आठवड्यांतून एक रात्र एकांतांत बोलावयाचें ठरविलें : सोमवारीं मॉली, मंगळवारीं हेटी, बुधवारीं नॅन्सी, गुरुवारीं जॉन, शुक्रवारीं पॅटी, शनिवारीं चार्लस, आणि रविवारीं थोरल्या दोघी, एमिलिया व सूकी. दुसरी गोष्ट, स्वयंपाकघरांत आलेल्या शेजाऱ्यांशीं ती अधिक मोकळेपणानें व कळकळीनें बोलूं लागली.

इनमनची तक्रार लंडनला गेली कीं, चर्चपेक्षां बाईसाहेबांच्या स्वयंपाकघरांत गर्दी अधिक. सॅम्युएलनें कळविलें कीं, हें लोकांत चमत्कारिक दिसतें, तूं स्त्री आहेस, निदान दुसऱ्या कोणाकडून तरी वाचन करवावें. तिचीं उत्तरें फेब्रुवारी १७१२ चीं आहेत. ती लिहिते कीं, ह्या लोकांत अडखळल्यावांचून एक उपदेश पुरा वाचील असा एक पुरुष मला दिसत नाहीं. ती स्त्री आहे हें खरें, पण ह्या कुटुंबाची मालकीणही आहे. यजमान दूर असतां त्यांतील प्रत्येक जीव देवानें तिच्याकडे ठेव म्हणून सोंपविला आहे. शिवाय कधीं चर्चला न जाणारीं कुटुंबें आतां तेथें येऊं लागलीं आहेत, हें तिनें आंकडे मांडल्यासारखें दाखवून दिलें. आणि शेवटीं तिनें जें मागितलें तें आमच्या मतें तिच्या सगळ्या चरित्राची किल्ली आहे. सभा बंद करावी अशी तुमची ‘इच्छा’ आहे, असें मला लिहूं नका. तेवढ्यानें माझ्या मनाचें समाधान होणार नाहीं. स्पष्ट आणि पुरी आज्ञा पाठवा, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढें आपण दोघे उभे राहूं तेव्हां हें सत्कार्य मोडल्याचा दोष माझ्याकडे येणार नाहीं.

आज्ञा मोडण्याची भाषा ह्यांत कोठेंही नाहीं. उलट तिनें आज्ञाच मागितली. फक्त ती देणाऱ्यानें तिचा भार परलोकांतही आपल्या शिरावर घ्यावा, एवढी एक अट घातली. अशी आज्ञा सॅम्युएलच्यानें देववली नाहीं, आणि तो परत येईपर्यंत सभा चालूच राहिल्या. आठ वर्षांचा जॉन आणि चार वर्षांचा चार्लस ह्या गर्दींत बसलेले होते. पुढें मेथडिस्टांच्या मंडळ्या चर्चच्या बाहेर, कोठारांत आणि घरांत भरूं लागल्या. १८७१ सालीं मुंबईस आलेल्या विल्यम टेलरनें आरंभ केला तोही लोकांच्या घरांतूनच. त्या सर्वांचा मूळ नकाशा एपवर्थच्या चुलीजवळ आंखला गेला, असें आम्हांस वाटतें.

येथेंच थांबतां आलें असतें तर किती बरें झालें असतें! पण मंगळवारची मुलगी हेटी हिच्याविषयीं मौन धरून हें स्मरण पुरें करणें आमच्या मनाला पटत नाहीं. सर्व भावंडांत काव्यशक्ति तिची; आठव्या वर्षीं ती ग्रीक नवा करार वाचीत असे असें सांगतात. मुलगे ऑक्सफर्डला गेले. मुलींना ह्या विद्येचा उपयोग काय तर परक्याच्या घरीं शिकवणी. १७२५ सालीं हेटी लग्नाच्या वचनावर विसंबून एका तरुणाबरोबर निघून गेली, फसली, आणि गरोदर स्थितींत परत आली. बापानें विल्यम राइट नांवाच्या एका नळकाम करणाऱ्या अशिक्षित माणसाशीं तिचें लग्न लावून दिलें आणि तिला अखेरपर्यंत क्षमा केली नाहीं. बहिणींपैकीं लंगडी मॉली एकटी ह्या लग्नाविरुद्ध बोलली. जॉननें १७२६ सालीं बापाच्याच व्यासपीठावरून पतितांविषयीं दया दाखविण्यावर उपदेश केला. तो हेटीसाठीं आहे हें आईनें तत्काळ ओळखलें. ओळखलें, पण स्वयंपाकघरासाठीं ज्या बाईनें नवऱ्याला ईश्वरी न्यायासनापर्यंत ओढलें, तिनें पोटच्या मुलीसाठीं तसें केलें नाहीं. हेटीचीं मुलें एकामागून एक गेलीं. नवऱ्याच्या कारखान्यांतील शिशानेंच तीं गेलीं असें तिला वाटे. कादंबरीकार क्विलर-कूच ह्यानें १९०३ सालीं तिच्यावर कादंबरी लिहिली, ती आमच्या विद्यार्थिदशेंत आम्हीं वाचली होती व अतिरंजित म्हणून बाजूला ठेवली होती. आतां तसें म्हणवत नाहीं. मुलांची इच्छाशक्ति जिंकावी असें म्हणणाऱ्या ह्या आईची स्वतःची इच्छाशक्ति बाप, नवरा किंवा राजा ह्यांपैकीं कोणालाच जिंकतां आली नाहीं; तिच्या मुलींना मात्र तिनें वाचावयास शिकविलें, पण स्वतःसारखें अडून बसावयास शिकविलें नाहीं.

१७३५ सालीं सॅम्युएल वारला. त्याला पुरलें त्याच दिवशीं जमिनीच्या भाड्यासाठीं मालकिणीनें गुरें जप्त केलीं. नंतर विधवा सुझॅना मुलांकडे फिरत राहिली आणि अखेर लंडनांत, तोफा ओतण्याच्या एका पडक्या कारखान्यांत जॉननें जें आपलें ठाणें केलें होतें, तेथें येऊन राहिली. पाळकाची दीक्षा न घेतलेला थॉमस मॅक्सफील्ड तेथें उपदेश करूं लागला हें ऐकून जॉन संतापून परत आला. तेव्हां म्हाताऱ्या आईनें त्याला बजावलें कीं, जपून पाऊल टाक. तुला जसें देवाचें बोलावणें आहे तसेंच ह्याला आहे. आधीं त्याचें ऐक, मग काय तें ठरव. जॉननें ऐकलें, आणि दीक्षेवांचून उपदेश करणाऱ्यांची जी फळी पुढें त्याच्या पंथाचा कणा झाली तिला वाट मिळाली. स्वयंपाकघर ती विसरली नव्हती.

१७३९ सालीं एके दिवशीं प्रभुभोजनाच्या वेळीं, प्याला हातीं घेतांना, आपल्या पापांची क्षमा झाली असा तिला एकाएकीं साक्षात्कार झाला. मुलांना ह्याचा इतका आनंद झाला कीं, चार्लसनें तिच्या थडग्यासाठीं रचलेल्या पद्यांत तिचीं आधींचीं सत्तर वर्षें म्हणजे नुसत्या नियमशास्त्राची रात्र ठरविलीं. थोर कवीचें हें विधान आम्हांस अन्यायाचें वाटतें. ‘आमेन’ न म्हणणारी, तुरुंगांत अंगठ्या पाठविणारी, तरंगंबाडीची वार्ता वाचून अस्वस्थ होणारी बाई अंधारांत होती, असें म्हणावयास मुलगाच पाहिजे! नंतर बसविलेल्या दगडावर त्या रात्रीचा उल्लेख नाहीं. एकोणीस मुलांची आई, त्यांत जॉन व चार्लस सर्वांत प्रसिद्ध, असें त्यावर आहे. थडगें लंडनमधील बनहिल फील्ड्स ह्या स्मशानभूमींत, बन्यन आणि डीफो ह्यांच्या शेजारीं आहे. ती भूमि मतभेद्यांची. तेराव्या वर्षाच्या आंत ज्यांना सोडून ती निघाली त्यांच्याच ओळींत तिला अखेर जागा मिळाली.

तिचा अंत जुलै १७४२ मध्यें झाला. चार्लस त्या वेळीं लंडनांत नव्हता. माझी सुटका होतांच देवाच्या स्तुतीचें एक स्तोत्र म्हणा, असें तिनें वाचा जाण्यापूर्वीं मुलांना सांगून ठेविलें होतें. श्वास थांबल्यावर बिछान्याभोंवतीं उभ्या असलेल्या जॉननें आणि पांच मुलींनीं तें म्हटलें. त्या पांचांत हेटी होती.